पाळी कोणाची? सॉफ्टबॉलमधील फलंदाजीचा क्रम आणि नियमावल्यांमधील मतभेद

क्रिकेटच्या वातावरणात वाढलेल्या भारतीय वाचकाला फलंदाजीचा क्रम ही कर्णधाराच्या मर्जीची बाब वाटते, आणि क्रिकेटपुरते ते खरेही आहे. फेब्रुवारी १९८१ मध्ये वेलिंग्टन येथे रवी शास्त्री यांनी आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा ते दहाव्या क्रमांकावर फलंदाजीस आले होते. पुढे नोव्हेंबर १९९० मध्ये चंदीगडच्या सेक्टर १६ मधील मैदानावर भारत आणि श्रीलंका यांच्यात कसोटी सामना झाला. त्या सामन्यात तेच शास्त्री सलामीला आले आणि त्यांनी ८८ धावा केल्या. दहाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंतच्या या प्रवासात क्रिकेटच्या कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. एकाच सामन्याच्या दोन डावांतसुद्धा क्रम बदलता येतो. संध्याकाळी गडी बाद झाला तर तळाच्या फलंदाजाला वर पाठविता येते, आणि त्याबद्दल प्रतिपक्षाला चकार शब्द काढता येत नाही.

सॉफ्टबॉलचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. येथे सामना सुरू होण्यापूर्वी फलंदाजीचा क्रम कागदावर लिहून पंचाच्या हाती द्यावा लागतो, आणि एकदा दिलेला क्रम सामना संपेपर्यंत चक्रासारखा फिरत राहतो. नवव्या खेळाडूनंतर पुन्हा पहिली. डाव मध्येच संपला, तर पुढील डावाची सुरुवात जिथे खंड पडला तिथून. महाराष्ट्रातील वाचकाला याचे जवळचे उदाहरण हवे असेल तर ते खो-खोत सापडेल. पळती करणारे खेळाडू तिघातिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात आणि त्यांचा क्रम गुणलेखकाकडे आधीच नोंदविलेला असतो. सॉफ्टबॉलमधील क्रमपत्रकाचेही तसेच आहे. मैदानावर ज्याला सर्वजण 'लाइन-अप' म्हणतात, ते हे पत्रक म्हणजे एका संघाने दुसऱ्या संघाला दिलेले लेखी वचन होय.

वचन मोडले तर काय, हा या प्रकरणाचा विषय आहे. चुकीची खेळाडू चुकीच्या वेळी फलंदाजीस उभी राहिली, तर तिच्या खेळीचे काय करावयाचे? जिची पाळी हुकली तिला शिक्षा कोणती? चूक कोणी आणि केव्हापर्यंत दाखवावयाची? या प्रश्नांची उत्तरे सर्व नियमावल्यांमध्ये सारखी नाहीत, आणि हा फरक कधीकधी संपूर्ण सामन्याचे पारडे फिरवू शकतो.

एक खेळ, अनेक नियमग्रंथ

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात, हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळण्याचा बेसबॉल म्हणून झाला. या खेळाच्या जनकत्वाचा मान जॉर्ज हँकॉक यांना दिला जातो. प्रारंभीची अनेक वर्षे गावोगावी वेगवेगळे नियम होते. १९३३ साली अमेरिकेची हौशी सॉफ्टबॉल संघटना स्थापन झाल्यावर एकसूत्री नियमांना चालना मिळाली. हीच संघटना २०१७ पासून 'यूएसए सॉफ्टबॉल' या नावाने ओळखली जाते. आंतरराष्ट्रीय सॉफ्टबॉल महासंघ आणि आंतरराष्ट्रीय बेसबॉल महासंघ हे दोन स्वतंत्र महासंघ २०१३ साली एकत्र आले व बेसबॉल-सॉफ्टबॉलची जागतिक संघटना निर्माण झाली. १९९६ ते २००८ या काळातील चार ऑलिंपिकांत आणि पुन्हा २०२१ साली झालेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये महिलांचे सॉफ्टबॉल खेळले गेले.

भारतात या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना १९६१ साली जोधपूर येथे झाली. चंदीगड हे १ नोव्हेंबर १९६६ पासून केंद्रशासित प्रदेश आहे. त्यामुळे पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असूनही राष्ट्रीय स्पर्धांमध्ये या शहराचा स्वतःचा वेगळा संघ उतरतो. एका शहराच्या मानाने हा मोठाच मान आहे. पण त्याबरोबर जबाबदारीही येते. कारण राज्यांच्या संघांपुढे उभे राहणाऱ्या या शहरातील खेळाडूला, शिक्षकाला आणि पंचाला खेळाबरोबर नियमही तितकेच पक्के ठाऊक असावे लागतात.

अडचण अशी की, नियम शिकण्याचा मार्ग एकच नसतो. आंतरराष्ट्रीय संघटनेची नियमावली एकीकडे असते. दुसरीकडे अमेरिकेत छापलेली प्रशिक्षणाची पुस्तके असतात व ती तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांवर आधारलेली असतात. अमेरिकेतील शाळांसाठी आणखी वेगळी नियमावली आहे. शिवाय भारतात एकच खेळाडू अनेकदा बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळते, एकच शिक्षक दोन्ही शिकवितो. हे दोन खेळ सख्ख्या भावंडांसारखे असल्यामुळे एकाचा नियम दुसऱ्यात नकळत शिरतो. ही सरमिसळ जिथे हमखास अंगाशी येते, अशा जागांपैकी पाळीचा नियम ही एक आहे.

सर्वांना मान्य असलेला भाग

मतभेदांकडे वळण्यापूर्वी एकमत कोठे आहे हे पाहणे सोयीचे होईल. त्यासाठी एक काल्पनिक सामना घेऊ. चंदीगडच्या एका मैदानावर महाराष्ट्र आणि चंदीगड यांचे महिला संघ खेळत आहेत. महाराष्ट्राने दिलेले क्रमपत्रक, लक्षात ठेवण्यास सोपे जावे म्हणून वर्णानुक्रमे, असे आहे: अलका, इंदू, उषा, कमल, गीता, चारू, जया, तारा, नंदा.

पहिल्या डावात अलका बाद झाली. इंदूने चेंडू टोलवून पहिला तळ गाठला. आता पाळी उषाची. पण घाईत कमल बॅट घेऊन होम प्लेटपाशी उभी राहिली. येथून पुढे तीन अवस्था संभवतात.

पहिली अवस्था: कमलची खेळी अजून पूर्ण झालेली नाही. समजा, तिला दोन बॉल आणि एक स्ट्राइक पडल्यावर चूक ध्यानात आली. अशा वेळी उषाने येऊन तिची जागा घ्यावयाची. दोन बॉल, एक स्ट्राइक ही मोजणी उषाच्या नावे पुढे चालू राहते. मधल्या काळात इंदूने दुसरा तळ चोरला असेल, तर तो तिचाच राहतो. शिक्षा कोणालाही नाही. फलंदाजी करणाऱ्या संघाने स्वतः चूक सुधारण्याची हीच एक वेळ होय.

दुसरी अवस्था: कमलची खेळी पूर्ण झाली, पण पुढील खेळाडूला अद्याप एकही चेंडू टाकला गेलेला नाही. समजा, कमलने जोरदार फटका मारून दुसरा तळ गाठला आणि इंदू धाव पूर्ण करून परतली. आता चंदीगडच्या संघाने पंचाकडे दाद मागितली, तर निर्णय असा होईल: उषा बाद, कमलने दुसरा तळ सोडावयाचा, इंदूची धाव रद्द, आणि ती परत पहिल्या तळावर. बाद ठरते ती जिने आपली पाळी चुकविली ती, जी खेळली ती नव्हे. पुढची पाळी बाद ठरलेल्या उषाच्या नावाखालील खेळाडूची, म्हणजे पुन्हा कमलचीच. नवख्या प्रेक्षकाला हे विचित्र वाटते. पण कमलची आधीची खेळी झालीच नाही असे मानल्यावर तिची खरी पाळी शिल्लक राहणे क्रमप्राप्तच आहे.

तिसरी अवस्था: पुढील खेळाडूला एक चेंडू टाकला गेला. त्या क्षणी दाद मागण्याची मुदत संपली. कमलची खेळी आता पूर्णपणे वैध ठरली, इंदूची धाव पक्की झाली, आणि क्रम कमलपासून पुढे चालू झाला. कमलनंतर गीता. उषाची पाळी या फेरीत गेली ती गेली.

चंदीगडच्या रहिवाशाला ही तिसरी अवस्था चटकन उमजावी. त्या शहराच्या आराखड्यात सेक्टर १२ नंतर सेक्टर १४ येत असे. १३ हा आकडा वगळलेला होता. तरीही पुढील आकड्यांची मोजणी १४ पासून बिनतक्रार चालू राहिली. २०२० साली मनीमाजऱ्याला सेक्टर १३ हे नाव देण्यात आले आणि ती रिकामी जागा भरली. सॉफ्टबॉलमध्ये मात्र अशी भरपाई नाही. गाळलेली पाळी मागाहून घालता येत नाही.

ती घालण्याचा प्रयत्न हाच या नियमातील सर्वांत मोठा सापळा आहे. कमलची खेळी वैध ठरल्यावर महाराष्ट्राच्या संघाला चूक उमगली आणि त्यांनी 'राहिलेली पाळी' म्हणून उषाला पाठविले, तर ती दुसरी चूक होते. कारण आता पाळी गीताची आहे. उषाने खेळी पूर्ण केली आणि प्रतिपक्षाने वेळीच दाद मागितली, तर गीता बाद ठरते आणि चारूला यावे लागते. एक चूक दुरुस्त करू पाहणारा संघ दुसरीत सापडतो. अशा वेळी मधली पाळी बुडाली असे समजून मुकाट्याने पुढे जाणे हेच शहाणपण होय.

जिची पाळी आली आहे ती आधीच एखाद्या तळावर उभी असेल, तर तिला तेथून उठवून फलंदाजीस आणता येत नाही. तिची ती पाळी शिक्षेवाचून टळते आणि तिच्या पुढील नावाची खेळाडू येते. क्रम एकदा विस्कटला की हा प्रसंग हटकून उद्भवतो, आणि याबाबत सॉफ्टबॉल व बेसबॉल यांचे एकमत आहे.

पहिला मतभेद: जी बाद झाली तिचे काय?

आतापर्यंत कमलला यश मिळाले असे धरले होते. आता उलट पाहू. तोच डाव, अलका बाद, इंदू पहिल्या तळावर, पाळी उषाची, फलंदाजीस कमल. या वेळी कमलने उंच टोलवलेला चेंडू क्षेत्ररक्षकाने झेलला. चंदीगडच्या कर्णधाराच्या ध्यानात आले की पाळी चुकली होती. तिने दाद मागावी काय?

याचे उत्तर हातात कोणती नियमावली आहे यावर अवलंबून आहे.

व्यावसायिक बेसबॉलच्या नियमानुसार दाद मागितली तर उषा बाद ठरते. परंतु कमलची संपूर्ण खेळी पुसली जात असल्यामुळे तिचे बाद होणेही पुसले जाते. म्हणजे बाद झालेल्यांची संख्या दोनच: अलका आणि उषा. फलंदाजीस पुन्हा येणार कमल. दाद मागितली नाही तरी संख्या दोनच: अलका आणि कमल. मात्र फलंदाजीस येणार गीता. तेव्हा कर्णधारापुढे प्रश्न एवढाच उरतो, की कमल आणि गीता यांपैकी कमी धोक्याची कोण? कमल चांगली फटकेबाज असेल, तर तिला दुसरी संधी देण्यात काय हशील? म्हणून बेसबॉलमध्ये मुरलेला कर्णधार अशा प्रसंगी बहुधा गप्प बसतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉफ्टबॉल संघटनेच्या नियमाने हेच गणित पार बदलते. तेथे दाद मागितल्यावर उषा बाद ठरते, चुकीच्या खेळीतून मिळालेले तळ आणि धावा रद्द होतात. पण चूक उघडकीस येण्यापूर्वी जे कोणी बाद झाले असेल ते बादच राहते. अलका, उषा आणि कमल मिळून तीन. डाव संपला, आणि पहिल्या तळावरची इंदू तिथेच अडकून राहिली. पुढील डावाची सुरुवात उषाखालील नावाने, म्हणजे कमलने व्हावयाची. पण कमल नुकतीच बाद झालेली असल्यामुळे तिला ओलांडून गीता येते. या नियमाखाली दाद न मागणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल.

अमेरिकेतील शालेय बेसबॉलच्या नियमावलीने या दोहोंमधला मार्ग काढला आहे. त्या खेळीत तळांवरील धावपटू बाद झाले असतील, तर ते बाद कायम राहतात. मात्र चुकीच्या फलंदाजाच्या बाद होण्याची जागा योग्य फलंदाजाचे बाद होणे घेते. फलंदाजीच्या एका पाळीपोटी दोन फलंदाज बाद, असे तेथे होत नाही. वरील उदाहरणात कमलचा झेल गेला तर संख्या दोनच राहील. पण कमलने जमिनीलगत चेंडू मारला आणि क्षेत्ररक्षकांनी इंदू व कमल अशा दोघींना बाद केले, तर दाद मागितल्यावर इंदू बादच राहील आणि कमलऐवजी उषा बाद मोजली जाईल.

चूक एकच, झेलही एकच. पण एका ग्रंथाप्रमाणे डाव चालू राहतो आणि दुसऱ्याप्रमाणे संपतो. शिवाय दोन ग्रंथांनुसार कर्णधाराला द्यावयाचा सल्लाही परस्परविरुद्ध आहे. बेसबॉल शिकलेली कर्णधार सॉफ्टबॉलच्या मैदानावर सवयीने गप्प बसली, तर हाती आलेला एक बळी ती आपणहून सोडून देते.

दुसरा मतभेद: मुदत केव्हा संपते?

डावाच्या मध्यावर मुदतीबद्दल वाद नाही. पुढील चेंडू पडला की ती संपते. बेसबॉलच्या नियमात 'किंवा दुसरी कोणतीही खेळातील हालचाल होण्यापूर्वी' अशी भर आहे. खरा भेद दिसतो तो डावाच्या शेवटी.

समजा, महाराष्ट्राच्या दोघी बाद झाल्या आहेत, इंदू तिसऱ्या तळावर आहे आणि उषाच्या जागी कमल खेळत आहे. कमलने चेंडू टोलवला, इंदूने धाव पूर्ण केली, आणि त्यानंतर दुसरा तळ गाठण्याच्या प्रयत्नात कमल बाद झाली. तिसरी बाद, डाव संपला. धाव आधी पूर्ण झाल्यामुळे ती मोजली गेली. चंदीगडचा संघ फलंदाजीच्या तयारीसाठी बाकाकडे निघाला, आणि वाटेत कोणाला तरी चुकलेल्या पाळीची आठवण झाली.

सॉफ्टबॉलच्या नियमांत येथे एक रेषा आखलेली आहे. पिचर आणि आतील सर्व क्षेत्ररक्षक बाकाकडे जाताना वैध क्षेत्राच्या बाहेर पडले, की दाद मागण्याचा हक्क संपतो. त्या घोळक्यातील शेवटच्या खेळाडूचे पाऊल रेषेपलीकडे पडले असेल, तर धाव कायम. बेसबॉलमध्ये मात्र मुदतीचा शेवट 'कोणत्याही संघाच्या' पुढील फलंदाजाला पडणारा पहिला चेंडू असा सांगितलेला आहे. म्हणजे संघ बाकावर जाऊन बसला तरी, समोरच्या पिचरने पहिला चेंडू टाकेपर्यंत दाद मागता येते. उषा तिसरी बाद ठरते, धाव पुसली जाते, आणि महाराष्ट्राचा पुढचा डाव कमलपासून सुरू होतो.

पंचाचे मौन आणि गुणलेखकाची वही

बेसबॉलच्या नियमावलीत स्पष्ट बजावले आहे की, चुकीची खेळाडू फलंदाजीस उभी असल्याचे पंचाने कोणाच्याही लक्षात आणून देऊ नये. सामान्य प्रेक्षकाला हे अन्यायाचे वाटते. समोर चूक दिसत असताना न्यायाधीशाने तोंड मिटून का बसावे?

याचे कारण असे की, हा नियम फौजदारी स्वरूपाचा नसून दिवाणी स्वरूपाचा आहे. दिवाणी दाव्यात ज्याचे नुकसान झाले त्याने मुदतीत न्यायालयात यावयाचे असते. न्यायालय आपणहून कोणाच्या दारी जात नाही. भारतीय करार कायद्यात, म्हणजे १८७२ च्या अधिनियमात, मुळातच निरर्थक करार आणि एका पक्षाच्या इच्छेने रद्द होऊ शकणारा करार असा भेद केलेला आहे. पाळी चुकवून केलेली खेळी ही या दुसऱ्या प्रकारात मोडते. आक्षेप येईपर्यंत ती चालू असते, आक्षेप मुदतीत आला तर कोसळते, आणि न आला तर इतर कोणत्याही खेळीइतकीच भक्कम होते. पंचाने आधीच बोट दाखविले, तर एका पक्षाला फुकट सावध केल्यासारखे होईल आणि दक्ष राहणाऱ्या पक्षाच्या दक्षतेला किंमत उरणार नाही.

म्हणूनच मैदानाच्या कडेला वही घेऊन बसलेली प्रत्येक संघाची गुणलेखक ही या नियमाची खरी राखणदार होय. तिच्याजवळ दोन्ही संघांचे क्रम असतात. प्रत्येक खेळाडू होम प्लेटपाशी येताच तिने तो ताडून पाहावयाचा असतो. स्वतःच्या संघाची चूक तिला खेळी पूर्ण होण्याआधी सांगता आली पाहिजे, आणि प्रतिपक्षाची चूक खेळी पूर्ण झाल्यावर, पुढील चेंडूच्या आत. पहिल्या बाबतीत उशीर घातक, तर दुसऱ्या बाबतीत घाई घातक. कारण प्रतिपक्षाची खेळी अपुरी असताना आरडाओरडा केला, तर ते आपली चूक शिक्षेवाचून सुधारून घेतील.

अशी चूक नवशिक्यांकडूनच होते असे मात्र नाही. ९ मे २०१८ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे न्यूयॉर्क मेट्स या नामांकित व्यावसायिक बेसबॉल संघाने पंचाला दिलेले पत्रक आणि संघाने प्रत्यक्ष ठरविलेला क्रम यांत तफावत निघाली. पहिल्याच डावात जे ब्रूस यांनी फटका मारून दुसरा तळ गाठला. सिनसिनाटीचे व्यवस्थापक जिम रिगलमन यांनी लगेच दाद मागितली. पंचाजवळच्या पत्रकाप्रमाणे पाळी असद्रूबल काब्रेरा यांची होती. बॅट हाती न घेताच काब्रेरा बाद ठरले, ब्रूस यांचा फटका पुसला गेला आणि डाव तिथेच संपला. तो सामना मेट्सने दहाव्या डावात २-१ असा एका धावेने गमावला. त्या पुसलेल्या फटक्यातून धाव निघालीच असती असे म्हणता येणार नाही. पण एका धावेने हरलेल्या संघाला ती शंका पुसून टाकणे कठीणच.

पाळीची चूक की बदलीची चूक?

येथे एका गल्लतीपासून सावध राहावयास हवे. क्रमपत्रकातील नऊजणींपैकीच कोणी अवेळी आली, तर ती पाळीची चूक. जिचे नाव त्या वेळी फलंदाजीच्या क्रमात नाहीच, अशी खेळाडू आली, तर प्रश्न बदली खेळाडूंच्या नियमांखाली जातो आणि तेथील दंड वेगळे असतात.

सॉफ्टबॉलमध्ये हा भेद अधिक नाजूक होतो, कारण येथे सुरुवातीच्या खेळाडूला बाहेर जाऊन एकदा परत येण्याची मुभा असते. मात्र परत येताना तिने क्रमातील आपल्या मूळ जागीच यावयाचे असते. तसेच फक्त फलंदाजीसाठी नेमलेली खेळाडू घेतली, तर पत्रकावर दहा नावे येतात. दहाव्या नावाची खेळाडू क्षेत्ररक्षण करते, आणि फलंदाजी करावयाची झाल्यास त्या नेमलेल्या खेळाडूच्या जागीच करू शकते. अन्य कोणाच्या नाही. या मर्यादा ओलांडल्या तर एका बळीवर भागत नाही. खेळाडू अपात्र ठरण्यापर्यंत मजल जाऊ शकते. तेव्हा दाद मागणाऱ्या कर्णधाराने प्रथम वहीत पाहावे: हे नाव आत्ता क्रमात आहे की नाही?

पुसावे की राखावे?

या सर्व मतभेदांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. मैदानावर जे डोळ्यांदेखत घडले, ते घडलेच नाही असे नियमाने म्हणावे काय?

बेसबॉलचे उत्तर तर्कशुद्ध आहे. जी खेळी व्हावयासच नको होती, तिची गोड फळे जशी रद्द, तशीच कडूही रद्द. चूक करणाऱ्या संघाला दंड म्हणून एक बळी पुरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉफ्टबॉल संघटनेचे उत्तर क्षेत्ररक्षकांच्या बाजूने विचार करते. ज्या खेळाडूने धावत जाऊन झेल घेतला, तिचा काय अपराध? दुसऱ्याच्या निष्काळजीपणापायी तिची प्रामाणिक मेहनत का पुसावी? यावर असा प्रतिवाद करता येतो की, डावात बळी तीनच असतात. एका चुकीपोटी त्यांतील दोन घेणे हा अपराधापेक्षा जड दंड आहे. शालेय बेसबॉलचा मधला मार्ग या प्रतिवादाला दिलेले उत्तर मानता येईल.

यांपैकी कोणतीही भूमिका अविचारी नाही. तिन्हींना आपापले न्यायाचे तत्त्व आहे. अन्याय होतो तो वेगळ्याच कारणाने: एका सामन्यातील दोन संघ दोन निरनिराळे नियम मनात धरून उतरतात तेव्हा. नागपूरहून किंवा जळगावहून दीड-दोन दिवसांचा प्रवास करून चंदीगडला पोहोचलेल्या संघाला, आपण वर्षभर जे शिकलो ते येथे लागू नाही, हे निर्णायक क्षणी कळणे फार महागात पडते. त्या वेळी पंचाशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही. पंचाला स्पर्धेसाठी जाहीर झालेल्या नियमावलीप्रमाणेच निर्णय द्यावा लागतो.

यावर उपाय साधा आहे. स्पर्धेला कोणती नियमावली आणि तिची कोणती आवृत्ती लागू आहे, हे सामन्यांपूर्वीच्या बैठकीत विचारून घ्यावे. त्या आवृत्तीतील दंडाचा परिच्छेद काढून तीन गोष्टी पाहाव्यात: चुकीची खेळाडू स्वतः बाद झाली असेल तर ते बाद राहते की पुसले जाते, दाद मागितल्यावर पुढची पाळी कोणाची, आणि डाव संपल्यावर दाद मागण्याची मुदत नेमकी कोठे संपते. उत्तरे गुणलेखकाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. आणि पत्रक पंचाच्या हाती देण्यापूर्वी ते संघाच्या बाकावर लावलेल्या क्रमाशी एकेक नाव मोठ्याने वाचून ताडून पाहावे. या वाचनाला एक मिनिटही लागत नाही.